शेताची वही संगणकात : चाळीस ओळींचे काम

शेतकऱ्याची नोंद कुठे असते? कॅलेंडरच्या मागच्या पानावर, खताच्या पावतीवर, नाहीतर डोक्यात. छाटणीनंतर कुठलं औषध कधी मारलं, असं कुणी विचारलं की सगळं घर धुंडाळावं लागतं. निर्यातीच्या द्राक्षाला हे चालत नाही. अपेडाची 'ग्रेपनेट' पद्धत २००६ साली सुरू झाली. या बागांत कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला मारले याचा हिशेब ठेवावा लागतो. शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस जाऊ दिले नाहीत आणि नमुन्यात औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला, तर वर्षाची मेहनत वाया.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर कशाला? पायथन ही संगणकाची भाषा फुकट मिळते. ती शिकलेला घरचा किंवा शेजारचा पोरगा चाळीसएक ओळींत काम भागवतो. प्रोग्रामने दोनच गोष्टी कराव्यात : नोंद जोडणे आणि शोधणे. रंगीत आलेखांच्या नादी लागू नये. तिथेच अशी कामे अर्धवट राहतात.

एका ओळीत एक नोंद, तीही साध्या मजकुराच्या फाईलमध्ये. जसे, '२०२४-११-०७, वरचा तुकडा, फवारणी, गंधक, लिटरला २ ग्रॅम'. वर्ष आधी लिहिले की ओळी तारखेप्रमाणे लावणे सोपे जाते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. १९९० च्या दशकात निरनिराळ्या फाँटमध्ये टाईप केलेले मराठी, तो फाँट नसला तर वाचताच येत नाही. युनिकोडचे तसे नाही. उद्या प्रोग्राम बंद पडला तरी फाईल मोबाईलवरही उघडते.

पोराला एक मात्र बजावून सांगावे. पायथनमध्ये फाईल 'ए' अक्षराने उघडली तर नवी ओळ शेवटी जोडली जाते. 'डब्ल्यू'ने उघडली तर आधीचे सारे पुसले जाते, अन् संगणक विचारतसुद्धा नाही! चुकलेली नोंदही खोडू नये. सातबाराला जसा नवा फेरफार येतो, तशी खाली दुरुस्तीची ओळ घालावी.

खरी गंमत शोधताना कळते. आज 'फवारणी', उद्या 'स्प्रे', परवा 'औषध मारलं' असं लिहिलं, तर हे एकच काम आहे हे संगणकाला काय ठाऊक? म्हणून कामाला आकडे द्यावेत : १ फवारणी, २ खत, ३ पाणी, ४ मजुरी, ५ उसनवार. आकडेही सगळे मराठी, नाहीतर सगळे इंग्रजी. सरमिसळ केली की शोध फसतो.

हातपंप कधी दुरुस्त झाला, टाकी कधी धुतली, हे ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही असे टिपता येईल. सहीशिक्क्याचे दप्तर मात्र वेगळे; ते सोडता येत नाही.

दर आठवडी बाजाराच्या दिवशी फाईलची प्रत पेनड्राईव्हवर घ्यावी, आणि तो पेनड्राईव्ह संगणकाच्या खणात न ठेवता भावाच्या घरी ठेवावा.