अमेझॉनचे मासे घरात : आधी पाण्याचा हिशेब, मग खरेदी

आपल्या पेठांतील पुष्कळ दुकानांत आता माशांची काचेची टाकी दिसते. गिऱ्हाईक क्षणभर थांबते, सोबतची मुले रमतात, दुकानाला रौनक येते. घरोघरीही हा शौक वाढला आहे. पण हौसेने आणलेले मासे दोन-चार महिन्यांत मरतात आणि रिकामी टाकी माळ्यावर जाते, हेही तितकेच दिसते. मासे नाजूक असतात, असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे कारण बहुधा खरेदीच्या क्रमात असते. आपण आधी मासा पसंत करतो, मग टाकी घेतो आणि पाण्याचा विचार सर्वांत शेवटी करतो.

हे मासे कोणते?

बाजारात एंजल, ऑस्कर, डिस्कस आणि रॅम या नावांनी मिळणारे मासे ‘सिक्लिड’ कुळातील आहेत. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिका. पहिले तीन प्रामुख्याने अमेझॉनच्या खोऱ्यातले, तर छोटा रॅम ओरिनोको नदीच्या परिसरातला. शास्त्रात एंजलची नोंद १८२३ साली, ऑस्करची १८३१ साली आणि डिस्कसची १८४० साली झाली. हे कुळ आपल्याला अगदीच परके नाही. गोव्यात ज्याला कालुंदर आणि केरळात करीमीन म्हणतात, तो खाण्याचा मासाही सिक्लिडच आहे.

या कुळाची खासियत म्हणजे आई-बाप अंड्यांची व पिल्लांची राखण करतात. डिस्कसची पिल्ले तर सुरुवातीचे दिवस आई-बापाच्या अंगावरील चिकट स्रावावर पोसतात. राखण करणारा मासा साहजिकच आपल्या जागेसाठी भांडतो. म्हणून यांना जागा मोकळी लागते.

मापाचा हिशेब

कापड घेताना आपण विचारतो, धुतल्यावर किती आटेल? मासा घेताना विचारावे, आणल्यावर किती वाढेल? दुकानात दोन इंचांचा दिसणारा ऑस्कर चांगल्या खुराकावर साधारण वर्षभरात दहा-बारा इंचांचा होतो आणि दहा वर्षे किंवा त्याहून अधिक जगू शकतो. ‘टाकी लहान असेल तर मासाही लहान राहतो’ असे काही विक्रेते सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये. घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते, तब्येत बिघडते आणि तो लवकर मरतो.

टाकीची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. किती लिटर पाणी मावेल ते कळेल. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ३४० लिटर पाणी मावते. एका ऑस्करला एवढी टाकी हवी. पाण्याचेच वजन ३४० किलो झाले. काच व वाळू वेगळी. पोटमाळ्यावर किंवा साध्या फळीवर हे ओझे ठेवू नये. खाली लोखंडी स्टँड आणि भक्कम जमीन हवी.

जागा कमी असेल तर एंजल बरा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत चार एंजल नीट राहतात. त्याचे पंख वर-खाली पसरतात, म्हणून उंची कमी करू नये. सोबत निऑनसारखे बारीक मासे सोडू नयेत. मोठा झाल्यावर एंजल ते गिळतो.

पाणी तयार करणे

माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांपासून पाण्यात अमोनिया हे विष तयार होते. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी व फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणे टाकावे. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर काम लवकर होते. नवी टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणले की बहुतेकदा मासे मरतात ते याच विषाने.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनही घातक असते. ते घालवण्याचे औषध मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम काढू नये. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात.

अमेझॉनच्या रिओ नेग्रो नदीचे पाणी चहासारखे तांबूस, अतिशय मृदू व आम्लधर्मी आहे. आपल्याकडील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. दुकानातले एंजल आणि ऑस्कर बहुधा टाकीतच पैदा झालेले असतात. ते थोडे जड पाणी सोसतात. डिस्कसचे तसे नाही. त्याला २८ ते ३० अंश ऊब आणि फार स्वच्छ पाणी लागते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

वीज, खुराक आणि जोडधंदा

जेथे वीज तासन्‌तास जाते, तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच. हवा बंद झाली की मासे गुदमरतात आणि स्पंजमधले जिवाणूही मरतात. खाणे दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. गटारातून काढलेले जिवंत किडे स्वस्त पडतात, पण ते रोग घेऊन येतात.

एंजलची जोडी जमली तर ती उभ्या पानावर किंवा पाटीवर शेकड्याने अंडी घालते. दोन-तीन दिवसांत ती फुटतात आणि साधारण आठवड्याभरात पिल्ले पोहू लागतात. हे पाहून अनेकांना जोडधंदा सुचतो. पण पिल्ले वाढवायला वेगळ्या टाक्या, ताजे बारीक खाद्य आणि रोजची मेहनत लागते. शिवाय चेन्नईच्या कोळत्तूर भागातून घाऊक माल येतो. कुर्ल्याच्या बाजारात त्याच्या भावाशी टक्कर द्यावी लागेल. गिऱ्हाईक आधी, टाक्या नंतर, हा नियम येथेही लागू आहे.

शेवटी एक गोष्ट. मासा नकोसा झाला तर तो तलावात किंवा ओढ्यात सोडू नये. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात परक्या ऑस्करने असेच बस्तान बसवले आहे. दुकानदाराला किंवा दुसऱ्या शौकिनाला द्यावा. बोलू न शकणारा जीव आपल्या भरवशावर आणायचा, तर त्याची दहा वर्षांची जबाबदारी खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरावी.