त्वचेचा संसर्ग : औषध आणि त्याचे वाहक

त्वचेवर मलम चोळले म्हणजे औषध रोगाच्या जागी पोहोचले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगी स्तर बऱ्याच औषधांना सहजासहजी आत येऊ देत नाही. शरीराच्या बहुतेक भागांवर हा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. मृत पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध पदार्थ हा चुना. सुमारे ५०० डाल्टनपेक्षा अधिक रेणुभाराची द्रव्ये ही भिंत सहसा ओलांडत नाहीत. गजकर्णावरील टर्बिनाफिनचा रेणुभार २९१ आहे, तर अ‍ॅम्फोटेरिसिन बी या बुरशीनाशकाचा ९२४. अशा मोठ्या रेणूला वाहकाची गरज भासते.

लिपोसोम हा असा एक वाहक होय. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी फॉस्फोलिपिडच्या या अतिसूक्ष्म पिशव्यांचे वर्णन केले. पिशवीच्या आवरणात स्निग्ध औषध आणि पोकळीत पाण्यात विरघळणारे औषध सामावते. शृंगी स्तरातील स्निग्ध पदार्थांशी साधर्म्य असल्याने ती तेथे मिसळते व औषध हळूहळू सुटते. इथोसोममध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे ती अधिक लवचीक होऊन खोलवर जाते. घन स्निग्ध नॅनोकण त्वचेवर पातळ पापुद्रा धरून ओलावा टिकवतात.

गजकर्णाची बुरशी केराटिनवर जगते, म्हणजे मुख्यतः शृंगी स्तरातच वस्ती करते. तेव्हा औषध रक्तात पोहोचवणे हा येथे हेतू नसून ते त्याच थरात टिकवणे हा आहे.

मात्र वाहक हा काही अक्सीर इलाज नव्हे. २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालेली, भारतात पसरलेली बुरशी अनेकदा टर्बिनाफिनला दाद देत नाही. औषध ज्या एन्झाइमवर काम करते, त्याची रचनाच जनुकीय बदलामुळे पालटलेली असते. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे यात भर घालतात. खाज व लाली कमी होते, पण प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरते आणि त्वचा पातळ होते. म्हणूनच २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणून डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली.

वसतिगृहात टॉवेल व कपडे सामाईक वापरल्याने हा रोग फैलावतो. विद्यार्थी लाजेपोटी तो लपवतात आणि मित्राचे मलम वापरतात. शिक्षकाने वेळीच त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले, तर महिनोन्‌महिन्यांचा त्रास टळू शकतो.