चित्रावर चढलेल्या पट्ट्या

टीव्हीच्या पडद्यावर मोकळे चित्र आता क्वचितच दिसते. वरच्या कोपऱ्यात वाहिनीचा लोगो, तळाला धावती पट्टी, तिच्या डोक्यावर आणखी एक स्थिर पट्टी आणि अधूनमधून उसळी मारून येणारी पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. मालिकेतली सासू कपाटातून जुने पत्र काढते, घडी उलगडते, कॅमेरा अक्षरांवर जातो; नेमक्या त्याच वेळी खालून दुसऱ्याच मालिकेची नायिका हात जोडून चालत येते, ‘आज रात्री 9 वाजता’ एवढे सांगते आणि नाहीशी होते. तोवर पत्राची घडी पुन्हा मिटलेली असते. घरोघरी होणारी चिडचिड आहे ती याच गोष्टीची.

वाहिन्यांच्या कचेऱ्यांत या सगळ्यांना नावे आहेत. कोपऱ्यातला तो ‘बग’, बोलणाऱ्याचे नाव-हुद्दा दाखवणारा ‘ॲस्टन’, तळाशी पळणारा ‘टिकर’ किंवा ‘स्क्रोल’, आणि मूळ चित्र आकसून बाजूला व खाली जाहिरातीला जागा करून देणारा ‘एल बँड’. लोगो आणि जाहिरातीच्या पट्ट्या मालिकेच्या मूळ भागात नसतात. भाग प्रक्षेपणासाठी बाहेर पडताना ग्राफिक्सची यंत्रणा त्या चित्रावर चढवते. अशी चढाई होण्याआधीच्या कोऱ्या चित्राला ‘क्लीन फीड’ म्हणतात. म्हणजे स्वच्छ चित्र वाहिनीकडे असते. ते प्रेक्षकापर्यंत पोचत नाही, एवढेच.

लोगोला सुरुवातीला सबळ कारण होते. केबलवर वाहिन्यांची संख्या वाढली, तेव्हा बटण दाबल्यावर आपण कुठे आलो हे कळायला खूण हवी होती. चोरून केलेल्या चित्रमुद्रणावर मालकाचे नाव राहावे हाही हेतू होता. आता वाहिनी बदलताच सेट-टॉप बॉक्स तिचे नाव सांगतो. प्रेक्षकसंख्या मोजणारी ‘बार्क’ ही संस्थासुद्धा लोगो पाहत नाही. कानाला न जाणवणारी खूण आवाजात मिसळलेली असते, तिच्यावरून ती वाहिनी ओळखते. तरीही लोगो जागचा हललेला नाही. उलट प्लाझ्मा आणि ओलेड पडद्यांवर तासन्‌तास एकाच जागी राहिलेल्या लोगोचा डाग कायमचा उमटू शकतो. टीव्ही ग्राहकाचा आणि डाग वाहिनीचा, असा हा न्याय आहे.

सगळीच अक्षरे निरुपयोगी असतात असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये 1992 साली प्रीमियर लीगचे सामने स्काय स्पोर्ट्‌सवर सुरू झाले, तेव्हा वाहिनीचे प्रमुख डेव्हिड हिल यांनी गुणफलक आणि घड्याळ सतत पडद्यावर ठेवले. 1994 मध्ये त्यांनीच अमेरिकेत फॉक्सवर तो प्रयोग केला. आज धावफलकाशिवाय क्रिकेटचा सामना बघण्याची कल्पनाही करवत नाही. प्रेक्षकाला जे हवे ते लहान अक्षरांत, एका कोपऱ्यात आणि चित्राच्या आड न येता मिळाले, तर त्याची तक्रार नसते.

बातम्यांच्या धावत्या पट्टीची गोष्ट निराळी. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कवर हल्ला झाला, तेव्हा दर मिनिटाला नवी माहिती येत होती आणि ती सांगायला निवेदक पुरा पडत नव्हता. आधी फॉक्स न्यूज, पाठोपाठ सीएनएन आणि त्याच दिवशी एमएसएनबीसीने तळाला पट्टी सुरू केली. आणीबाणी ओसरली, पट्टी मात्र ठाण मांडून बसली आणि जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी ती उचलली. कॅन्सस राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये सीएनएनच्याच ‘हेडलाइन न्यूज’ची बातमीपत्रे पट्ट्यांसह आणि पट्ट्या काढून दाखवली. पट्ट्यांसह बातम्या पाहणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 10 टक्के कमी तपशील राहिला. जास्त माहिती देण्यासाठी आणलेली पट्टी माहिती कमी पोचवते, असा याचा सरळ अर्थ. आपल्याकडे तर सकाळची बातमी संध्याकाळीही लाल पट्टीत ‘ब्रेकिंग’ म्हणून फिरत असते. तिथे तपशिलाचा प्रश्न दूरच.

प्रेक्षकांचा राग सर्वांत जास्त उसळतो तो कथेच्या ऐन क्षणी जाहिरात आडवी आली की. 24 एप्रिल 2010 रोजी बीबीसी वनवर ‘डॉक्टर हू’ मालिकेचा एक भाग संपत आला होता. मालिकेचा नायक डॉक्टर शत्रूंनी वेढलेला, हातात पिस्तूल, पुढच्या आठवड्यापर्यंत प्रेक्षकाला ताटकळत ठेवणारा शेवट. त्या क्षणी तळाशी सूत्रसंचालक ग्रॅहम नॉर्टन यांचे कार्टून अवतरले आणि पुढे ‘ओव्हर द रेनबो’ हा कार्यक्रम आहे असे सांगू लागले. 5,000 हून अधिक तक्रारी आल्या आणि बीबीसीला माफी मागावी लागली. ब्रिटनमध्ये बीबीसी जाहिराती दाखवत नाही, म्हणजे इथे पैशाचे कारणही नव्हते. भाग संपताच प्रेक्षक दुसरीकडे जाईल, ही धास्ती तेवढी होती.

भारतात पैशाचे कारण आहे आणि ते हिशेबाने समजते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधल्या नियम 7(11) नुसार तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यातली 10 मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि 2 वाहिनीच्या स्वतःच्या. ब्रेक लांबवता येत नाही, म्हणून कार्यक्रम चालू असतानाच पडद्याचा तुकडा विकायचा. आता नियम 7(10) पाहा. जाहिरात कार्यक्रमाहून स्पष्ट वेगळी असावी आणि तिने कार्यक्रमात व्यत्यय आणू नये, असे तो सांगतोच. शिवाय पडद्याच्या खालच्या भागात स्थिर वा सरकता मजकूर दाखवणे हे व्यत्ययाचे उदाहरण म्हणून नोंदवतो. रोज संध्याकाळी जे दिसते, त्याचेच हे वर्णन आहे.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2012 मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. जाहिरात दाखवायची तर पूर्ण पडद्यावर दाखवा, पडद्याच्या भागावर नको, असे विनियम काढले. वाहिन्यांनी कडाडून विरोध केला आणि 2013 च्या दुरुस्तीनंतर तासाला 12 मिनिटांची मर्यादा तेवढी उरली. त्या मर्यादेलाही वाहिन्यांनी आव्हान दिले.

यापेक्षा कडक भूमिका न्यायालयाने एकदा घेतली, तीही क्रिकेटच्या निमित्ताने. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्र जाहिरातींविना प्रसार भारतीला द्यावे, असा 2007 चा कायदा आहे. धावफलकाबरोबर झळकणारी प्रायोजकांची नावे ही जाहिरात की चित्राचाच भाग, असा वाद उभा राहिला. ती जाहिरातच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ठरवले. हा निवाडा प्रसार भारतीला मिळणाऱ्या चित्रापुरता आहे; घरच्या प्रेक्षकाला त्याचा थेट लाभ नाही.

सरकार स्वतःही पडद्यावर लिहिते. 2 ऑक्टोबर 2012 पासून धूम्रपानाच्या दृश्यात तळाशी इशारा झळकणे सक्तीचे आहे. दिग्दर्शक वुडी ॲलन यांना ते मान्य नव्हते, म्हणून 2013 मध्ये त्यांचा ‘ब्लू जस्मिन’ हा चित्रपट भारतात प्रदर्शितच झाला नाही. सप्टेंबर 2023 पासून हा नियम ओटीटीलाही लागू आहे. इशाऱ्यामागे निदान लोकांच्या आरोग्याचा विचार आहे. साबणाच्या जाहिरातीच्या पट्टीमागे तोही नाही.

तेव्हा प्रेक्षकाने नवा कायदा मागण्याची गरज नाही, आहे तो नियम दाखवावा. केबल नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार जाहिरात संहितेच्या, म्हणजे नियम 7 च्या, भंगाबद्दल कोणालाही थेट वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते आणि वाहिनीने 24 तासांत तिची पोच द्यायची असते. तक्रारीत कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नियम 7(10) एवढे नोंदवावे. मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो जोडला तर उत्तमच.