सीडी४ ओळखणारे प्रतिपिंड

सीडी४ हे माणसाच्या सहायक टी पेशींच्या पटलात रोवलेले प्रथिन आहे. त्याचा मोठा भाग पेशीबाहेर डोकावतो, एक छोटा तुकडा पटलातून आरपार जातो आणि आखूड शेपूट आत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली सहायक टी पेशी आणि मारक टी पेशी सारख्याच दिसतात. हे प्रथिन मात्र त्या दोघींना वेगळे करते, आणि ते हुडकण्यासाठी प्रयोगशाळेत सीडी४ला चिकटणारे प्रतिपिंड वापरतात.

हे प्रतिपिंड बहुधा उंदराच्या पेशींपासून मिळवलेले असते. जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे प्रतिपिंड बनवणाऱ्या उंदराच्या पेशीचा कर्कपेशीशी संकर घडवला. अशी एक संकरित पेशी वाढवत नेली, की एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके मिळते; तेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. १९८४ मध्ये दोघांना या कामाबद्दल नोबेल मिळाले.

चाचणीसाठी थोड्या रक्तात रंग जोडलेल्या प्रतिपिंडाचे काही थेंब घालतात आणि नळी पंधरा-वीस मिनिटे अंधारात ठेवतात, कारण उजेडाने रंग फिका पडतो. मग लाल पेशी फोडून उरलेल्या पेशी फ्लो सायटोमीटरमध्ये सोडतात. तिथे त्या एकामागून एक लेसरच्या निळ्या झोतापुढून जातात. रंग एफआयटीसी असेल, तर सीडी४ असलेली पेशी हिरवी चमकते. प्रथिन बाहेरच्या बाजूला असल्याने पेशीला भोक पाडावे लागत नाही. प्रतिपिंडाचा मोठा रेणू जिवंत पेशीच्या आत शिरतही नाही. मोनोसाइट पेशींवरही थोडे सीडी४ असते, म्हणून जोडीला टी पेशींची खूण असलेल्या सीडी३चे प्रतिपिंड घालतात.

एचआयव्ही सीडी४लाच धरून पेशीत शिरतो, हे १९८४ मध्ये कळले. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सीडी४ असलेल्या टी पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. २००च्या खाली आकडा गेला, की संसर्गांचा धोका फार वाढतो. त्यामुळे ही मोजणी चोख व्हायलाच हवी.

मेलेल्या पेशी कोणतेही प्रतिपिंड धरून ठेवतात, तेव्हा त्या आधी वगळाव्या लागतात. रंग जोडलेले प्रतिपिंड २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात, गोठवत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रतिपिंड अख्खे प्रथिन ओळखत नाही, तर त्याच्या पृष्ठावरची एक लहानशी जागाच ओळखते. उष्णतेने किंवा साबणासारख्या रसायनाने प्रथिनाची घडी उलगडली, तर ती जागा नाहीशी होऊ शकते. ओकेटी४ या जुन्या प्रतिपिंडाने हे ठळकपणे दाखवले. काही निरोगी माणसांच्या रक्तात त्याला सहायक पेशी सापडतच नव्हत्या. सीडी४ त्यांच्याकडे होते, पण जन्मजात बदलामुळे ओकेटी४ बसण्याची नेमकी जागा वेगळी झाली होती. दुसऱ्या जागी बसणारे प्रतिपिंड वापरताच त्याच पेशी दिसू लागल्या.