घाटांत बंद पडलेली डिझेल मोटार : दोषाचा शोध कसा घ्यावा ?

आपल्या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या दारीं आज डिझेलवर चालणारें एखादें तरी वाहन असतें. कोणाची मोटार, कोणाचा टेंपो, कोणाचा ट्रॅक्टर. वाहन चालत असतें तोंवर त्याच्या पोटांत काय चाललें आहे ह्याचा विचार कोणी करीत नाहीं. तें एकाएकीं बंद पडून पुन्हां सुरू होईना, म्हणजे माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाचा पैसा व वेळ दोन्ही वायां जातात. आमच्यावर हा प्रसंग कात्रजच्या घाटांत दोन वेळां आला. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें मांडीत आहें.

माझ्या वडील बंधूंस डायलिसिससाठीं आठवड्यांतून दोन वेळां पुण्यास न्यावें लागतें. वैशाखांतील एके दिवशीं पुतण्याच्या मोटारींतून आम्ही शिंदेवाडीहून जुना घाट चढत होतों. बोगदा थोडा पुढें राहिला असतां, फुंकर घालून दिवा मालवावा तसें इंजिन एकदम बंद झालें. आचका नाहीं, आवाज नाहीं, धूर नाहीं. पुतण्या पुन्हां पुन्हां सेल्फ मारूं लागला. इंजिन फिरे, पण पेट घेईना. तेव्हां दादा मागच्या बैठकीवरून म्हणाले, "अरे, सेल्फ मागाहून मार. आधीं चाकाला दगड लाव." ह्या प्रकरणांतील पहिला शहाणपणाचा शब्द तोच होता.

सुमारें पाऊण तासानें गाडी आपण होऊनच सुरू झाली. पुढें एका कारागिरानें फारशी तपासणी न करतां डिझेलचा पंप गेल्याचें सांगितलें, व आम्हींही घाबरून तो बदलविला. त्या वर्षीच्या कांद्याच्या पट्टीची निम्मी रक्कम त्यांत खर्ची पडली. आठव्या दिवशीं गाडी त्याच चढावर, तशीच बंद पडली. त्या दिवशीं दादांची दवाखान्यांतील पाळी चुकली, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्या पायांवरील सूज पाहून मला पैशांपेक्षां त्या गोष्टीचेंच अधिक वाईट वाटलें. महसूल खात्यांत कारकुनी करतांना जागेचा पंचनामा झाल्यावांचून मीं कोणतेंही प्रकरण पुढें पाठविलें नव्हतें. येथें मात्र पंचनाम्यापूर्वींच निकाल लावून आम्ही मोकळे झालों होतों.

डिझेल इंजिनाचें मूळ तत्त्व सोपें आहे. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानें १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगीची योजना नसते. हवा अतिशय दाबली म्हणजे ती तापते, व त्या तप्त हवेंत योग्य क्षणीं डिझेलचा फवारा सोडला कीं तें आपोआप पेटतें. म्हणजे हवा, दाब, डिझेल आणि योग्य वेळ ह्या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. खडकी येथें १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचीं इंजिनें ज्यांनीं विहिरीवर चालविलीं, त्यांस हें सांगावयास नको. इंजिनानें एअर धरली म्हणजे बोल्ट ढिला करून, बुडबुडे संपेपर्यंत हँडपंप मारावयाचा, हें पूर्वीं गांवांतील पोरासही ठाऊक असे. हल्लींच्या मोटारींत फरक इतकाच कीं, फवारा केव्हां व किती सोडावा हें विजेवर चालणारी एक पेटी ठरविते, आणि डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो.

डिझेलच्या वाटेची कल्पना येण्यास कात्रजचाच दाखला घ्यावा. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, इ. स. १७५० च्या सुमारास, कात्रज येथें तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळानें पुणें शहरांतील हौदांत नेलें. गाळ वरच्या तलावांत बसावा, स्वच्छ पाणी पुढें जावें, आणि नळांत हवा कोंडूं नये म्हणून वाटेंत उसासे ठेवावे, अशी ती योजना होती. टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेलचीही हीच मागणी असते. गाळ व पाणी फिल्टरांत अडलें पाहिजे, आणि नळींत हवा राहतां कामा नये.

आतां तपासणीचा क्रम सांगतों.

पहिली गोष्ट, गाडी कशी बंद पडली तें आठवावें. आचके देत, जोर कमी होत बंद पडली असेल, तर डिझेल अपुरें मिळत आहे असें समजावें. फिल्टर तुंबणें, नळींत हवा शिरणें, टाकीस वरून हवा न मिळणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. घाटांत आणखी एक कारण संभवतें. चढावर गाडीचें तोंड वर होऊन डिझेल टाकीच्या मागच्या अंगास जातें. डिझेल थोडें असेल तर ओढनळी उघडी पडून हवा ओढते. सपाटीवर मात्र तीच गाडी बिनतक्रार चालते. याउलट, बटण दाबल्याप्रमाणें इंजिन क्षणांत थांबलें असेल, तर संशय विजेच्या बाजूवर, म्हणजे फ्यूज, रिले, तार किंवा सेन्सर ह्यांवर घ्यावा. मोठा आवाज होऊन थांबलें असेल तर सेल्फ मुळींच मारूं नये.

दुसरी गोष्ट, सेल्फ मारतांना कान द्यावा. इंजिन फिरतच नसेल तर बॅटरी व तिचीं टोकें पाहावीं. नेहमींपेक्षां हलकें व भरभर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संभव असतो. अशा वेळीं सेल्फ मारल्यानें अथवा गाडी ढकलून सुरू करूं गेल्यानें आंतील व्हॉल्व्ह वांकतात व खर्च दसपट होतो.

तिसरी गोष्ट, एका माणसानें सेल्फ मारावा व दुसऱ्यानें मागील धुराड्याकडे पाहावें. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आंत पोंचत आहे, पण पेटत नाहीं. धूर मुळींच नसेल तर डिझेल पोंचतच नाहीं.

चवथी गोष्ट, समोरच्या तबकड्या पाहाव्या. किल्लीच्या खुणेचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडीनें किल्ली ओळखलेली नाहीं. दुसरी किल्ली लावून पाहावी. इंजिनाचे फेरे दाखविणारा कांटा सेल्फ मारतांना पुष्कळ गाड्यांत थोडासा हलतो. इंजिन फिरत असूनही तो शून्यावरच राहिला, तर क्रँक सेन्सर बिघडल्याचा दाट संशय घ्यावा. हा सेन्सर फेऱ्यांची खबर पेटीस देतो. खबर न मिळाल्यास पेटी फवारा सोडीत नाहीं.

पांचवी गोष्ट, फिल्टरच्या तळाचें पाणी सोडून पाहावें, व हँडपंप असल्यास मारून पाहावा. परंतु येथें जुन्या इंजिनाची संवय विसरावी. नव्या मोटारींत नोझलकडे जाणारी नळी कधींही ढिली करूं नये. तींतून सुटणारी चिळकांडी कातडी भेदून आंत शिरते, व तशी इजा झाल्यास, जखम बारीक दिसली तरी, तत्काळ शस्त्रवैद्याकडे जावें लागतें.

दुसऱ्या प्रसंगीं आम्हीं ह्याच क्रमानें पाहिलें. बंद एकदम पडली, धूर नाहीं, कांटा शून्यावर, आणि थंड झाल्यावर गाडी पुन्हां सुरू. क्रँक सेन्सरच्या आंतील बारीक तार उष्णतेनें सुटते व निवाल्यावर पुन्हां जुळते. चढावर इंजिन तापे म्हणूनच खोड तेथें निघे. नोझल झिजून डिझेल परत वाहूं लागल्यासही तापलेली गाडी सुरू होत नाहीं, परंतु तेव्हां बहुधा कांटा हलतो. हें सर्व कागदावर लिहून मीं दुसऱ्या कारागिरापुढें ठेविलें. त्यानें स्कॅनर लावला, तार तपासली, व सेन्सर बदलला. त्याची किंमत पंपाच्या किंमतीच्या विसाव्या हिश्शाइतकीही नव्हती. त्यानंतर दोन वर्षांत गाडी घाटांत एकदांही थांबली नाहीं. स्कॅनरविषयीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तो कोणत्या वाटेंत दोष आहे तें सांगतो. कोणता भाग बदलावा तें माणसानेंच ठरवावयाचें असतें.

शेवटीं जिवाची गोष्ट. इंजिन बंद पडलें म्हणजे ब्रेकला मिळणारी मदत दोनचार दाबांनंतर संपते व सुकाणूं जड होतें. ह्यासाठीं गाडी लगेच कडेस घेऊन हातब्रेक लावावा, चाकामागें दगड ठेवावा, धोक्याचे दिवे लावावे, आणि माणसांनीं गाडींत न बसतां रस्त्याबाहेर उभें राहावें. निघतांना तो दगड आठवणीनें उचलावा. रस्त्यांत राहिलेला दगड दुसऱ्याचा घात करतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ह्या क्रमांकावर मदत मागतां येते.

नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे जाणाऱ्या उतारावर कित्येक चालक डिझेल वांचविण्यासाठीं मुद्दाम इंजिन बंद करतात किंवा गाडी न्यूट्रलमध्यें सोडतात. ही संवय घातक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीनें अनेक वाहनांस धडक दिली, हें वाचकांस आठवत असेल. माल भरून मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या आपल्या बंधूंनीं हा उतार नेहमीं खालच्या गिअरमध्येंच उतरावा. वांचलेलें पावशेर डिझेल कोणाच्याही जिवाहून मोलाचें नाहीं.

तात्पर्य, गाडी बंद पडली असतां घाईनें भाग बदलूं नयेत. वेळ, जागा, आवाज, धूर आणि कांटा ह्या पांच गोष्टी टिपून ठेवाव्या व त्या कारागिरास सांगाव्या. कारागीर कितीही जाणता असला तरी त्या क्षणीं तो तेथें नसतो. तेथें आपण असतों.