कुंपणावरचे गोड बी

गावाबाहेर रस्त्याकडेच्या शेतांना एका हिरव्यागार झुडपाचे कुंपण दिसते. पान एरंडासारखे, पण तितके खोल कातरलेले नाही. फांदी मोडली की चीक गळतो. फळ हिरवे, पिकल्यावर पिवळे, वाळल्यावर काळे. आत बहुधा तीन काळ्या बिया. हा मोगली एरंड, म्हणजेच चंद्रज्योत.

मूळचा मध्य अमेरिकेतला हा पाहुणा. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून शेतकऱ्याने त्याला राखणीला बसवले. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या तेलापासून डिझेल करण्याची शिफारसही केली.

पण गुरांना कळते ते मुलांना कसे कळावे? बियांतला पांढरा गर शेंगदाण्यासारखा गोडसर लागतो. शाळेतून परतणारी मुले तो खातात आणि काही तासांतच पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. या विषावर खास उतारा नाही. शरीरातले पाणी टिकवणे हाच मुख्य उपचार. तेव्हा घरी ओकारी काढत बसू नये. झाडाची डहाळी बरोबर घ्यावी आणि दवाखाना गाठावा.

कुंपण तोडायचे कारण नाही. मुलांना त्या झुडपापाशी न्या आणि नावानिशी त्याची ओळख करून द्या.