फ्रीझरातला मटार शिळा नसतो

जानेवारीत जबलपूरकडच्या मटाराच्या गाड्या बाजारात लागतात, भाव उतरतो आणि घरोघरी जुनी वर्तमानपत्रं पसरून शेंगा सोलायचा कार्यक्रम सुरू होतो. पाच किलो शेंगांचे दोन-सव्वादोन किलो दाणे निघतात, नखं हिरवी होतात. या ढिगाशेजारी बसून दरवर्षी कुणीतरी तेच वाक्य म्हणतं. यंदा पाळी आत्याची होती. "एवढं सोलताय खरं, पण फ्रीझरात घातलं की सत्त्व जातं गं. शिळंच ते." हे ती स्वतः शेंगा सोलता सोलता म्हणाली, म्हणून मी गप्प बसले. आता बसत नाही.

शिळं म्हणजे नेमकं काय? रात्रीचा भात सकाळी शिळा होतो, कारण रात्रभरात त्यात जिवाणू वाढलेले असतात, दाणा कोरडा पडलेला असतो. उणे १८ अंशांवर जिवाणू वाढतच नाहीत. दाण्यातलं पाणी बर्फ होऊन बसतं, ते त्यांच्या हाती लागत नाही. आमसूल, सांडगे, कैरीचं लोणचं यांमागची युक्ती तरी वेगळी कुठे आहे? तिथे ऊन आणि मीठ पाणी काढून घेतात, इथे थंडी ते अडकवून ठेवते. वर्षभराच्या लोणच्याला आत्या 'मुरलेलं' म्हणते आणि दोन महिन्यांच्या मटाराला शिळं!

आता सत्त्वाचं. मटारातली प्रथिनं, चोथा, लोह थंडीने कुठेही जात नाहीत. प्रश्न असतो तो जीवनसत्त्वांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१५ साली मटार, गाजर, पालक, फरसबी, मका यांच्यासह आठ फळं-भाज्यांची फ्रिजमधली ताजी आणि गोठवलेली रूपं ताडून पाहिली. 'क' जीवनसत्त्व पाच प्रकारांत दोन्हीकडे जवळजवळ सारखं निघालं आणि उरलेल्या तिनांत गोठवलेल्या मालात जास्त. मटारातलं बीटा कॅरोटीन मात्र गोठवलेल्यात कमी भरलं, हेही सांगायला हवं. पण म्हणून 'सत्त्व जातं' असं सरसकट म्हणता येत नाही. उलट त्याच विद्यापीठाच्या २००७ च्या आढाव्यात फरसबीचा आकडा आहे: साध्या फ्रिजमध्ये, ४ अंशांवर, सात दिवसांत तिच्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त 'क' जीवनसत्त्व गेलेलं होतं. रविवारी आणलेली फरसबी भाजीच्या कप्प्यात पुढच्या शनिवारपर्यंत ठेवणारे आपणच, आणि ती 'ताजी' म्हणून करणारेही आपणच.

मग काहीच नासत नाही का? नासतं, पण फ्रीझरच्या अलीकडे, गॅसवरच्या पातेल्यात. गोठवण्याआधी भाजी उकळत्या पाण्यातून काढतात, त्याला ब्लांचिंग म्हणतात. 'क' आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, ती इथे निसटतात. थोडंथोडकं नाही, भाजीगणिक आणि पद्धतीगणिक दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत. मटार पाच-सात मिनिटं खदखदवून, पाणी ओतून देऊन, वर थंडीला दोष द्यायचा, हा अन्याय आहे.

"मग उकळूच नका ना," असं लगेच कुणीतरी म्हणतं. तसंही नाही. दाण्याच्या आत विकरं असतात. ती थंडीने मंदावतात, मरत नाहीत. उणे १८ वरही ती हळूहळू काम करत राहतात आणि काही महिन्यांत न उकळलेल्या मटाराला वाळक्या गवताचा वास येतो, रंग मळकट होतो. त्यांना थांबवते ती उष्णता. किती? मटाराला दीड मिनिट. फरसबीला तीन, फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन, गाजराच्या चकत्यांना दोन. घरगुती साठवणीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या जॉर्जिया विद्यापीठाच्या केंद्राचे हे आकडे आहेत, माझ्या अंदाजाचे नाहीत. वेळ मोजायची ती दाणे टाकल्यावर पाण्याला पुन्हा उकळी फुटल्यापासून, आणि ती मिनिटभरात फुटायला हवी. त्यासाठी किलोमागे आठेक लिटर पाणी लागतं. एवढं पातेलं लग्नघराखेरीज कुणाकडे नसतं, म्हणून अर्धा-अर्धा किलोचे घाणे काढायचे. पाणी तेच चालतं. अर्धवट उकळणं तर सगळ्यात वाईट, कारण कोमट पाण्याने विकरं आणखी चेवतात.

काढले की लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कपड्यावर कोरडे, मग ताटात एका थरात पसरून फ्रीझरात. कडक झाल्यावर पिशवीत भरून हवा दाबून काढायची. हे पसरणं नखरा नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. ते सावकाश गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. झटकन गोठलं तर बारीक राहतात. दोन किलोचा गोळा पिशवीत कोंबला की मधले दाणे तासन् तास गोठत राहतात आणि मग आपण म्हणतो, फ्रीझरने मटार लिबलिबीत केला.

आणि तुमचा फ्रीझर उणे १८ ला जातो का, हे एकदा पाहा. फ्रिजच्या दारावरचे पाच स्टार विजेच्या बचतीचे असतात, थंडीचे नाहीत. बर्फाच्या कप्प्यावर छोट्या चांदण्या छापलेल्या असल्या तर त्या खऱ्या कामाच्या: एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. दोन चांदण्यांच्या कप्प्यातला मटार महिन्याभरात संपवावा, गणपतीपर्यंत ठेवायची स्वप्नं पाहू नयेत.

बाकीचे समज किरकोळ आहेत. उकळताना चिमूटभर सोडा घातला की रंग हिरवागार राहतो हे खरं, पण दाणा बुळबुळीत होतो आणि 'क' जीवनसत्त्वाची वाट लागते. साखर घातल्याने रंग टिकत नाही, फक्त साखर संपते. मिरची, कांदा आणि आमरस यांना उकळायची गरज नाही. काकडी, मुळा, कलिंगड गोठवू नये, चोथापाणी होतं. पिशवीतल्या दाण्यांवरचे पांढरट सुकलेले डाग बुरशीचे नसतात, हवा लागून पाणी उडालेलं असतं. मटार आधी ओट्यावर तासभर वितळवायचीही गरज नसते, थेट फोडणीत जातो.

एक समज मात्र किरकोळ नाही: थंडीने जंतू मरतात. ते मरत नाहीत, झोपतात. जुलै २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हंगेरीतल्या एका कारखान्याच्या गोठवलेल्या मक्याचा आणि भाज्यांचा लिस्टेरियाच्या साथीशी संबंध दाखवला. पाच देशांत मिळून ४७ रुग्ण, ९ मृत्यू. गोठवलेला मका थेट सॅलडमध्ये टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपण उसळ शिजवतो, म्हणून बरेचदा वाचतो.

राहिलं भारनियमन. वितळलेलं पुन्हा गोठवलं की विष होतं, असं नाही. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रिजमधला बर्फाचा कप्पा इतका दम धरत नाही. वीज आल्यावर दाण्यांत बर्फ करकरत असेल तर पिशवी खुशाल परत ठेवावी, चव थोडी उतरेल इतकंच. दाणे मऊ पडले असतील पण अजून गारेगार असतील, तर त्याच दिवशी उसळ टाकावी.